गेममध्ये निवडणूक घ्यायची, पण निवडून आलेल्यांच्या हातात काय देणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन मित्र मिळून एक सर्व्हायव्हल सर्व्हर (खेळाडू जिथे एका सामायिक जगात घरं बांधून तग धरतात) चालवता, नियमित खेळणारे २५० च्या आसपास आहेत, बॅनवरून, म्हणजे खेळाडूला सर्व्हरबाहेर काढण्यावरून, सारखे पक्षपाताचे आरोप होतात आणि आता खेळाडूंनी ५ जणांचं मंडळ निवडून द्यायची मागणी केली आहे. निवडणूक कशी घ्यावी, एकाच माणसाची चार खाती कशी ओळखावीत, आणि मोठ्या क्लॅननं, म्हणजे खेळाडूंच्या गटानं, सगळ्या जागा बळकावू नयेत म्हणून काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी १४ वर्षं वेगवेगळ्या सर्व्हरांवर अॅडमिन, म्हणजे सर्व्हर सांभाळणारा, होतो. त्यातली ६ वर्षं अशा सर्व्हरवर, जिथे निवडून आलेलं मंडळ खरोखर कारभार बघायचं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण त्याआधी तुम्ही न विचारलेला चौथा प्रश्न घ्यावा लागेल, कारण घोडं नेहमी तिथेच पेंड खातं. मंडळानं एक निर्णय घेतला आणि तो तुम्हा तिघांना अजिबात पटला नाही, तर दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर काय होईल?

याचं उत्तर तुमच्याकडे लेखी नसेल तर निवडणूक घेऊ नका. मतदान न झालेला सर्व्हर वर्षानुवर्षं चालतो. मतदान करून ज्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली, ते खेळाडू मात्र महिन्याभरात निघून जातात, आणि जाताना त्यांच्यामागे सर्व्हरसाठी सगळ्यात जास्त राबणारी माणसं जातात.

हा पेच फार जुना आहे. लॅम्बडामू हे नुसत्या मजकुरावर चालणारं जग पावेल कर्टिस यांनी १९९० मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात सुरू केलं. तिथल्या अॅडमिनना विझार्ड म्हणत. डिसेंबर १९९२ मध्ये विझार्डांनी जाहीर केलं, की यापुढे आम्ही फक्त तांत्रिक कामं करू, माणसांची भांडणं माणसांनी मिटवावीत. पुढे काहीच महिन्यांत एका पात्रानं दिवाणखान्यात सगळ्यांसमोर इतर पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णनं लादली. लोक संतापले, सभा भरली, तासन्‌तास चर्चा झाली, पण निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा याची काही सोयच नव्हती. शेवटी एका विझार्डनं स्वतःच्या जबाबदारीवर ते पात्र काढून टाकलं. त्यानंतर कर्टिस यांनी अर्ज आणि मतदानाची पद्धत बांधून दिली: खेळाडूंनी प्रस्ताव मांडायचा, सह्या गोळा करायच्या, विझार्डांनी तो राबवता येण्याजोगा आहे का ते तपासायचं, मग मतदान. विरोधी मतांच्या दुप्पट मतं बाजूनं पडली तर प्रस्ताव मंजूर.

ही पद्धत काही वर्षं चालली. १९९६ मध्ये विझार्डांनी सांगून टाकलं, की आम्ही सामाजिक निर्णयही पुन्हा घेणार आहोत, कारण तांत्रिक काम आणि सामाजिक काम यांच्यात रेघ ओढणं अशक्य आहे. माझ्या अनुभवात ते शंभर टक्के खरं ठरलंय. सर्व्हरवर कोणाच्या घराभोवती किती जागा संरक्षित असावी हा आकडा कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, असतो, म्हणजे तांत्रिक झाला. पण त्या आकड्यावरूनच शेजाऱ्या-शेजाऱ्यांत हाणामाऱ्या होतात. बॅकअप कुठल्या वेळेपर्यंत मागे न्यायचा, हेही तांत्रिकच. पण त्यात कोणाचं लुटलेलं परत मिळतं आणि कोणाची कमाई जाते.

म्हणून रेघ कामाच्या प्रकारावर ओढू नका. एकेक बटण घ्या आणि ते कोणाच्या हातात, ते लिहा. सर्व्हरचं बिल कोण भरतो, बंद कोण करू शकतो, बॅकअप कोण चढवतो, कायमचा बॅन कोण देतो, तो कोण उठवतो, कॉन्फिगमधले कुठले आकडे मंडळानं सांगितल्यावर बदलायचेच आणि कुठल्यांबाबत नुसता सल्ला घ्यायचा. आमची यादी दीड पान झाली होती. त्यात मालकांनी स्वतःकडे राखून ठेवलेल्या गोष्टीही उघड लिहिल्या होत्या: कायद्याच्या कक्षेतले प्रकार, अल्पवयीन खेळाडूंची सुरक्षा, पैसे आणि सर्व्हरची सुरक्षितता. खेळाडूंनी त्यावर एकदाही तक्रार केली नाही. राखीव अधिकारांवर लोक चिडत नाहीत. ते आयत्या वेळी बाहेर काढले की चिडतात.

सल्लागार मंडळ म्हणजे दुय्यम दर्जाचं, असं समजू नका. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या गेमचं उदाहरण बघा. २००७ मध्ये तिथे उघड झालं, की कंपनीतल्याच एका डेव्हलपरनं तो स्वतः ज्या खेळाडूंच्या आघाडीत होता तिला दुर्मीळ ब्लूप्रिंट (गेममधल्या वस्तू बनवायचे आराखडे) मिळवून दिल्या होत्या. विश्वास पार ढासळला. त्यातून कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट, म्हणजे सीएसएम, उभी राहिली आणि २००८ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. या मंडळाला कंपनीला हुकूम द्यायचा अधिकार नाही. सदस्य गोपनीयतेच्या करारावर सही करतात, कंपनी त्यांना रेक्याविकला बोलावते, येऊ घातलेले बदल आधी दाखवते, त्यांचं ऐकून घेते. एवढंच. पण २०११ मध्ये महागड्या दिखाऊ वस्तूंच्या विक्रीवरून खेळाडू पेटले, जिता या व्यापारी केंद्रातल्या स्मारकावर गोळ्या झाडत बसले, तेव्हा कंपनीनं याच मंडळाला तातडीनं बोलावलं आणि शेवटी दोघांनी मिळून निवेदन काढलं. आपला अधिकार सल्ल्यापुरता आहे हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या सल्ल्याला वजन आलं.

माझ्या आवडीचा अधिकार मात्र अ टेल इन द डेझर्ट या २००३ सालच्या गेममधला. खेळाडू त्यात प्राचीन इजिप्तमध्ये राहतात, अर्ज करून स्वतःचे कायदे सुचवतात आणि डेमी-फेरो निवडतात. या डेमी-फेरोला कुठल्याही खेळाडूला कायमचं हाकलता येतं, पण फक्त ७ जणांना. सात संपले की संपलं. अधिकार खराच, पण वापरला की कमी होणारा, त्यामुळे तो वापरताना माणूस दहादा विचार करतो. आम्ही सुरुवातीला हीच कल्पना उचलली: मंडळाला एका मुदतीत ३ कायमचे बॅन, बाकी सगळे जास्तीत जास्त १४ दिवसांचे. एकाही मंडळानं तिन्ही वापरले नाहीत.

आता बॅनबद्दलच बोलू, कारण तुमच्याकडे आग तिथेच लागली आहे. अशी मर्यादा घातली तरी बॅनचे खटले निवडून आलेल्यांकडे देऊ नका. हे कळायला आम्हाला दोन मुदती लागल्या. मतं मागून आलेला सदस्य आपल्या मतदाराला शिक्षा देताना अडखळतो, आणि विरोधकाला देताना त्याचा हात जरा जास्तच मोकळा होतो. माणूस वाईट नसतो, खुर्चीच तशी असते. शेवटी आम्ही चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. गेल्या महिन्यात किमान २० तास खेळलेल्यांतून ५ जण चिठ्ठीनं निवडायचे, आरोपी किंवा तक्रारदाराच्या क्लॅनचा असेल तो बाद, नावं गुप्त, लॉग (सर्व्हरवरच्या हालचालींची नोंद) आणि स्क्रीनशॉट त्यांच्यापुढे ठेवायचे, ३ दिवसांत कारणासह निकाल. लीग ऑफ लेजंड्स या गेमनं ट्रायब्यूनल नावानं २०११ मध्ये साधारण असंच सुरू केलं होतं. सामान्य खेळाडू तक्रारी वाचून शिक्षा की माफी ते सांगायचे. २०१४ मध्ये ते बंद पडलं. लाखो खेळाडूंच्या गेममध्ये कोणी कोणाला ओळखत नाही, निकाल लागेपर्यंत प्रकरण शिळं होतं. तुमच्या २५० जणांत ती अडचण नाही. तुमच्याकडे उलट अडचण आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून नावं गुप्त ठेवायची.

शिक्षेची पायरीही ठरवून टाका. आधी ताकीद, मग एक दिवस, मग आठवडा. सामायिक पाणी, कुरणं, मासेमारी लोक स्वतः कशी सांभाळतात याचा अभ्यास करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टिकलेल्या व्यवस्थांची जी लक्षणं सांगितली, त्यात चढत्या शिक्षा आहेत, लोकांतलेच राखणदार आहेत आणि भांडण चटकन मिटवायची स्वस्त जागा आहे. माझ्या मते गेमच्या सर्व्हरला याहून चांगलं मार्गदर्शन कुठल्या गेमच्या माहितीपत्रकात मिळणार नाही.

आता तुमचे प्रश्न. आधी एका माणसाची अनेक खाती.

मतदार यादी निवडणूक जाहीर करण्याआधी गोठवा. जाहीर केल्यावर उघडलेलं एकही खातं त्यात येता कामा नये. आमची अट होती, खातं ४५ दिवस जुनं आणि शेवटच्या ३० दिवसांत २० तासांचा खेळ. ऑल्ट, म्हणजे जास्तीची, खाती बनवणं सोपं असतं, पण चार खात्यांवर वीस-वीस तास खरोखर खेळणं फार कमी जणांना झेपतं. एएफके, म्हणजे पात्र नुसतं उभं ठेवून स्वतः दूर राहून, तास भरणारे निघतातच; म्हणून लॉगमध्ये नुसता ऑनलाइन वेळ मोजू नका, ठोकळे लावणं, सौदे करणं, चॅट अशी काही हालचाल बघा. आयपी पत्ता एक आहे म्हणून मत बाद करू नका. एका घरातली भावंडं, वसतिगृहातली मुलं, सगळ्यांचा आयपी एकच असू शकतो. आम्ही पहिल्या वेळी दोन सख्ख्या बहिणींची मतं अशीच बाद केली होती आणि त्याबद्दल मला जाहीर माफी मागावी लागली. ती योग्यच होती. त्यानंतर यादी ४ दिवस आधी लावायची, आक्षेप घ्यायला मुभा द्यायची आणि संशयितांशी थेट व्हॉइसवर बोलायचं, असा रिवाज पडला.

इरिपब्लिक या गेमचा अनुभव इथे उपयोगी आहे. त्यात राष्ट्राध्यक्ष आणि संसद दर महिन्याला निवडली जाते. दुसऱ्या देशातले खेळाडू ठरवून नागरिकत्व घ्यायचे, मतदानादिवशी एकगठ्ठा मतं टाकायचे आणि तिजोरीसकट देश ताब्यात घ्यायचे. याला तिथे पीटीओ, म्हणजे पॉलिटिकल टेकओव्हर, असं नावच पडलं होतं. बाहेरच्यांना आत येऊ देणं आणि लगेच मत देणं या दोन दारांमध्ये अंतर नसेल, तर तुमच्याकडेही हेच होईल. शिवाय दर महिन्याची निवडणूक म्हणजे सततचा प्रचार. स्टार वॉर्स गॅलक्सीजमध्ये खेळाडूंनी वसवलेल्या शहरांच्या महापौराची निवडणूक तर दर ३ आठवड्यांनी व्हायची. तुमच्यासाठी ३ महिन्यांची मुदत बरी. त्याहून लांब ठेवाल तर निम्मे सदस्य परीक्षा, नोकरी किंवा दुसऱ्या गेममुळे गायब होतात.

मोठ्या क्लॅनचा प्रश्न मोजणीच्या पद्धतीनं बराचसा सुटतो. आकडे घेऊन बघा. समजा १२० जणांनी मतदान केलं आणि ५ जागा आहेत. एका क्लॅनचे ५० जण आहेत, उरलेले ७० सुटे. प्रत्येकाला ५ मतं दिलीत तर क्लॅनचे पाचही उमेदवार प्रत्येकी ५० मतं घेतात. सुट्यांची ३५० मतं १२ उमेदवारांत विभागली तर एकेकाला जेमतेम २९ येतात. पाचही जागा क्लॅनला, ४२ टक्के मतांवर. त्याऐवजी प्रत्येकाला एकच मत द्या, पण पसंतीक्रम लिहू द्या. निवडून यायचा कोटा येतो १२० भागिले ६, अधिक १, म्हणजे २१. क्लॅनच्या ५० मतांत दोन कोटे बसतात, दोन जागा. सुट्यांची मतं कमी पसंतीच्या उमेदवारांकडून पुढे सरकत सरकत तीन जागांवर जमतात. याला एकल संक्रमणीय मत म्हणतात. सीएसएमनं २०१३ पासून याच जातीची पद्धत घेतली. मोजणी हातानं करायला वेळ लागतो, पण तयार मोफत साधनं आहेत.

क्लॅनला दोन जागा मिळणं हा अन्याय नाही, हे मात्र सुट्या खेळाडूंना समजावून सांगावं लागेल. पन्नास जण एकत्र येऊन काम करतात, त्यांचं म्हणणं मंडळात असायलाच हवं. क्लॅनला हरवण्यासाठी पद्धत शोधू लागलात तर तुम्हीच एक बाजू झालात.

मतदान गुप्त ठेवा. क्लॅनचा म्होरक्या कोणी कोणाला मत दिलं ते विचारतोच. सुरुवातीला आम्ही प्रत्येक मतदाराला एक कोड द्यायचो आणि मोजणीनंतर कोडसह सगळ्या मतपत्रिका जाहीर करायचो, म्हणजे ज्यानं-त्यानं आपलं मत बरोबर मोजलं गेलं की नाही ते तपासावं. दिसायला सुंदर योजना. मग कळलं, की एका क्लॅनमध्ये सदस्यांकडून कोड मागून घेतले जात होते. स्वतःला पटवता येणारा पुरावा दुसऱ्यालाही दाखवता येतो, आणि तिथेच दबाव शिरतो. नंतर आम्ही कोड जाहीर करणं बंद केलं आणि मोजणीच्या वेळी प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी बसवला. कोड वाटणारा एक, मोजणारा दुसरा, आणि दोघंही अॅडमिन नाहीत. द सिम्स ऑनलाइनमधल्या अल्फाव्हिल शहराच्या २००४ सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत निकालापेक्षा मोजणीचीच चर्चा जास्त झाली होती, गैरप्रकाराचे आरोप शेवटपर्यंत मिटले नाहीत. मोजणीवर एकदा शंका आली की विजयी माणूसही पोळतो.

एक गोष्ट फार कमी लोक बोलतात: हरलेल्याचं काय? गेम सोडून जायला एक क्लिक पुरतो. हरलेला उमेदवार चिडून गेला तर तो एकटा जात नाही, त्याच्यासोबत दहा-पंधरा जण जातात, आणि मग पाच माणसं निवडणूक जिंकून रिकाम्या सर्व्हरवर राज्य करतात. आमच्या दुसऱ्या निवडणुकीत सगळ्यांत जुनी, सगळ्यांच्या मदतीला धावणारी एक खेळाडू थोडक्यात हरली. नवख्यांना शिकवण्याचं काम तिनं वर्षभर केलं होतं. मी तिला एक निरोपही पाठवला नाही, मोजणीच्या गडबडीत राहून गेलं. ती आठवड्याभरात निघून गेली. त्या चुकीची बोच मला अजून आहे. पुढच्या मुदतीपासून प्रत्येक हरलेल्या उमेदवाराशी मी स्वतः त्याच रात्री बोलायचो, आणि मंडळाच्या बैठकांत मत नसलेल्या पण बोलायचा हक्क असलेल्या दोन जागा त्यांच्यासाठी ठेवल्या. गर्दी कमी होणं जवळजवळ थांबलं.

परवानग्यांचं भान ठेवा. फेब्रुवारी २००९ मध्ये ईव्हमधली बँड ऑफ ब्रदर्स ही बलाढ्य आघाडी युद्धात न हरता संपली. तिचा एक संचालक शत्रूला जाऊन मिळाला आणि हातातल्या अधिकारानं त्यानं आघाडीच बरखास्त करून टाकली. नियमपुस्तकात काहीही लिहिलेलं असो, सॉफ्टवेअर ज्याला परवानगी देतं तोच खरा सत्ताधारी. म्हणून मंडळाच्या सामायिक तिजोरीतून मोठी रक्कम काढायला दोघांची मंजुरी लागावी, आणि कोणाही एका सदस्याकडे सगळं पुसून टाकणारी आज्ञा नसावी. इको हा २०१८ पासून खेळला जाणारा गेम मला याच कारणासाठी फार महत्त्वाचा वाटतो. त्यात खेळाडूंनी मंजूर केलेला कायदा गेमच अमलात आणतो. या टेकडीवर झाडं तोडायची नाहीत असं ठरलं की कुऱ्हाड चालतच नाही. तुमच्या सर्व्हरवर प्लगइनांनी, म्हणजे सर्व्हरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांनी, याचा थोडा भाग जमतो. जेवढं प्लगइननं होईल तेवढं करा. तेवढं कमी पोलीसकाम मंडळाच्या डोक्यावर राहतं.

सदस्याला काढायची पद्धतही आधीच लिहा. २०१९ मध्ये सीएसएमच्या एका सदस्याला गोपनीय माहिती फोडल्याच्या आरोपावरून जाहीरपणे काढलं गेलं. नंतरच्या चौकशीत आरोप टिकला नाही आणि कंपनीला माफी मागावी लागली. आरोप, निलंबन आणि निकाल या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. चौकशी होईपर्यंत अधिकार गोठवा, पण नाव खराब करू नका.

आणि प्रत्येक गोष्टीसाठी माणसं निवडायची गरज नाही. ओल्ड स्कूल रुनस्केप हा गेम २०१३ पासून नव्या बदलांवर खेळाडूंचं थेट मतदान घेतं. मंजुरीसाठी आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ मध्ये ते ७० केले. एवढा चढा उंबरठा असला की मोठ्या बहुसंख्येला हवं असल्याशिवाय काही आत येत नाही. नकाशा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा का, अर्थव्यवस्थेत मोठा फेरफार करायचा का, अशा गोष्टी मंडळावर न सोडता थेट सगळ्यांना विचारा, आणि निम्म्याहून एक जास्त एवढ्यावर समाधान मानू नका.

क्रमाबद्दल माझं ठाम मत आहे. उद्यापासून बॅनची नोंदवही खुली करा: कोणाला, कशासाठी, किती दिवस, कोणी दिला. जुने बॅनही त्यात टाका, अवघड वाटेल तरी. पुढच्या दोन आठवड्यांत बटणांची यादी लिहून खेळाडूंपुढे ठेवा. मग चिठ्ठीवाल्या पंचांकडून चार-पाच अपिलं निकालात काढा. निवडणूक त्यानंतर, म्हणजे साधारण दीड महिन्यानं.

या दीड महिन्यात पंचांचा एखादा निकाल तुमच्याविरुद्ध जाईल अशी शक्यता खूप आहे. आमच्याकडे पहिल्याच प्रकरणात मी दिलेला बॅन ४ विरुद्ध १ मतांनी उठवला गेला. लॉग मला आजही त्या खेळाडूच्या विरुद्ध वाटतो. मी तो बॅन त्याच संध्याकाळी काढला, निकालाची कारणं जशीच्या तशी लावली आणि खाली एक ओळ लिहिली: मला हे पटलेलं नाही, पण निकाल अमलात आला आहे. त्या आठवड्यात मंडळासाठी ११ जणांनी उमेदवारी अर्ज दिले. त्याआधीचे तीन आठवडे एकही आला नव्हता.